वाळूच्या दाण्यावर ठरणारा टप्पा

पावसाळा सरला की मुंबईतल्या टेनिस कोर्टांवर रंगाची पिंपं उघडतात. एका ऑक्टोबरात उपनगरातल्या आमच्या कोर्टावर हे काम चाललं होतं आणि मी कठड्यावर बसून सकाळभर ते पाहत होतो. निळा ॲक्रिलिक रंग, पाणी आणि मापानं मोजून घातलेली बारीक सिलिका वाळू. एका कामगाराकडे फक्त ढवळण्याचं काम होतं. तो थांबला असता तर वाळू तळाशी बसली असती. मग पिंपातला वरचा रंग जिथं पसरला तिथं कोर्ट गुळगुळीत, तळचा पसरला तिथं खरखरीत, आणि एकाच कोर्टावर चेंडूचे दोन तऱ्हेचे टप्पे!

हार्ड कोर्ट म्हणजे सिमेंटची फरशी, असं पुष्कळांना वाटतं. तळाशी डांबर किंवा काँक्रीट असतं हे खरं, पण चेंडू त्याला शिवतही नाही. त्यावर खाचखळगे भरणारा थर येतो, चांगल्या कोर्टावर रबराच्या कणांचे मऊ थर येतात आणि सगळ्यात वर वाळू मिसळलेला रंग. जगातल्या अव्वल खेळाडूंचा खेळ या काही मिलिमीटरांवर चालतो. अमेरिकन ओपन १९७८ पासून आणि ऑस्ट्रेलियन ओपन १९८८ पासून हार्ड कोर्टावर होते. आपल्याकडे चर्चगेटजवळ, ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारातल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर २००६ मध्ये पुरुषांची एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेची) स्पर्धा झाली होती, ती रशियाच्या दमित्री तुर्सुनोवनं जिंकली. २०१७ मध्ये तिथंच महिलांची मुंबई ओपन जिंकणारी मुलगी एकोणीस वर्षांची होती. तिचं नाव आर्यना सबालेंका. २०२५ पर्यंत तिनं एकेरीत चार ग्रँड स्लॅम जिंकली आणि चारही हार्ड कोर्टावर. मला हा योगायोग वाटत नाही. तिच्यासारख्या सपाट, जोरकस फटक्यांना हा पृष्ठभाग न्याय देतो. का देतो, ते टप्प्याच्या पाच मिलिसेकंदांत दडलेलं आहे.

चेंडू जमिनीला साधारण तेवढाच वेळ टेकलेला असतो. समजा तो सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगानं, जमिनीशी १६ अंशांचा कोन करून आला. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ कोर्टाची चाचणी घेताना हेच आकडे वापरतो. या वेगाचे दोन भाग करू. पुढे जाणारा वेग सुमारे २८.८ मीटर आणि खाली जाणारा सुमारे ८.३ मीटर. खाली जाणारा वेग उसळून वर येतो तेव्हा त्यातला ८० टक्के उरला असं धरू, म्हणजे ६.६ मीटर. ही उसळी खालच्या थरांवर आणि चेंडूच्या रबरावर अवलंबून असते.

पुढच्या वेगाचं काय? चेंडू दाबला जाऊन वाळूवरून घसटत जातो. तो जितक्या जोरानं जमिनीवर दाबला जातो, तितकं घर्षण जास्त. गणित अगदी सोपं आहे: खालचा आणि वरचा वेग मिळवायचे, ८.३ अधिक ६.६ म्हणजे १४.९, आणि त्याला घर्षण गुणांकानं, म्हणजे पृष्ठभाग चेंडूला किती अडवतो ते सांगणाऱ्या आकड्यानं, गुणायचं. तेवढा वेग कोर्ट खाऊन टाकतं. गुणांक ०.६५ असेल तर ९.७ मीटर गेले, १९.१ उरले. वाळू थोडी बारीक किंवा कमी घातली आणि गुणांक ०.५५ झाला, तर ८.२ गेले, २०.६ उरले. टप्प्यानंतर सहा मीटरवर उभ्या असलेल्या खेळाडूपर्यंत चेंडू पोचायला पहिल्या कोर्टावर ०.३१ सेकंद लागतात, दुसऱ्यावर ०.२९. म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग! पण तेवढ्यात रॅकेट मागे नेऊन पुढे आणायची असते. हात थोडा उशिरा आला की चेंडू मनात होता तिथं न जाता बाजूच्या रेषेबाहेर जातो.

महासंघ घर्षण आणि उसळी दोन्ही मिळून कोर्टाला एक आकडा देतो. २९ किंवा त्याखाली संथ, ३५ ते ३९ मध्यम, ४५ आणि पुढे वेगवान. वरची दोन उदाहरणं या सूत्रात घातली तर पहिलं कोर्ट मध्यम निघतं आणि दुसरं वेगवान. यातली मला आवडलेली गोष्ट अशी की, उसळी वाढली की हा आकडा कमी होतो. उंच उडालेल्या चेंडूला खेळाडूला जास्त वेळ मिळतो, म्हणून त्याला कोर्ट संथ वाटतं. यंत्राच्या मोजणीत खेळाडूची ही जाणीव धरली आहे. मातीच्या कोर्टावर घर्षणही जास्त आणि उसळीही जास्त, म्हणून ते संथ. गवतावर दोन्ही कमी. हार्ड कोर्ट या दोहोंच्या मध्ये, आणि नेमकं कुठे ते पिंपाशी उभा असलेला माणूस ठरवतो.

कोर्टाइतकाच चेंडूही महत्त्वाचा. त्याचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असावं लागतं आणि २५४ सेंटिमीटरवरून सोडल्यावर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा लागतो. त्याचं आवरण लोकर आणि नायलॉनच्या लवदार कापडाचं असतं. अमेरिकन ओपनमध्ये २०२२ पर्यंत पुरुषांना जाड लव असलेले आणि स्त्रियांना पातळ लव असलेले चेंडू मिळत. कोर्ट तेच, स्पर्धा तीच! पातळ लव लवकर बसते, चेंडूला हवेचा विरोध कमी होतो आणि तो ताब्यात ठेवणं कठीण जातं. पोलंडची खेळाडू इगा श्वियाँतेकनं २०२२ मध्ये याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आणि त्याच चेंडूंनी ती स्पर्धा जिंकलीही. २०२३ पासून दोघांना एकच चेंडू मिळू लागला. हा बदल फार आधी व्हायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. खरखरीत पृष्ठभागासाठी बनवलेली जाड लव तिथं होतीच, ती फक्त अर्ध्या खेळाडूंना दिली जात होती.

आता मुंबईची हवा. ‘इथली दमट हवा जड असते, चेंडू पुढेच जात नाही’ हे वाक्य मी कोर्टावर शेकडो वेळा ऐकलं आहे. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी. पाण्याच्या रेणूचं वजन १८, हवेच्या रेणूंचं सरासरी २९. त्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा एखाद टक्का विरळच असते. पण ऐकलेला अनुभवही खोटा नाही. जड होतो तो चेंडू. लव ओल शोषते, फुगते, आणि मग हवेचा विरोध वाढतो. दोष हवेला लागतो, करणी लवेची.

उष्णतेचं मात्र उलटं. चेंडूच्या आत दाबाखाली हवा भरलेली असते. तापमान २० वरून ३२ अंशांवर गेलं की तो दाब चार टक्क्यांच्या आसपास वाढतो, रबरही जास्त लवचीक होतं, आणि बाहेरची हवा तितकीच विरळ होते. २०२४ आणि २०२५ ची मुंबई ओपन फेब्रुवारीत झाली. त्या दिवसांत दुपारी ऊन तापतं आणि सूर्य कलला की मरीन ड्राइव्हवरून येणाऱ्या वाऱ्यात हवा निवते. दुपारी खांद्यापर्यंत उडणारी सर्व्हिस संध्याकाळी छातीखाली येऊ लागते. खेळाडू कोर्टावर पाऊलभर पुढे सरकून उभी राहताना दिसली, तर कारण बहुतेक हेच.

पावसाची चार शिंतडी आली तरी हार्ड कोर्टावरचा खेळ थांबतो, मातीवर मात्र भुरभुर पावसात तो चालू राहू शकतो. माती थोडं पाणी पिऊन घेते. रंगाचा थर पाणी पीत नाही. वाळूच्या दाण्यांमधल्या खळग्यांत ते साचतं आणि बुटाच्या तळव्याला टोकं मिळेनाशी होतात. म्हणून उघड्यावरची कोर्टं किंचित उतरती बांधतात, सुमारे शंभराला एक एवढ्या उतारानं, आणि पाऊस थांबला की पोरं रबरी पट्टीचे लांब वायपर घेऊन धावतात. कोरडं झाल्यावर तेच दाणे बूट असा धरून ठेवतात की, पाय जागच्या जागी थांबतो आणि धक्का घोट्यात आणि गुडघ्यात जातो. मातीवर पाय घसरत जाऊन तो जोर विरतो. रबराचे थर वरून खाली येणारा मार थोडा झेलतात, पण आडव्या झटक्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही.

आणि त्या दाण्यांनाही बूट घासून काढतात. सर्वांत आधी झिजतो बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या टोकाच्या रेषेच्या, आसपासचा पट्टा, कारण सर्व्हिसही तिथूनच आणि परतीचे फटकेही तिथूनच. आमच्या कोर्टावर खोल पडलेला चेंडू अलीकडे बुटक्या टप्प्यानं सटकायचा, आणि आम्ही आपलं वय झालं असं म्हणायचो. रंग लावायच्या आधी त्या ढवळणाऱ्या कामगारानं बेसलाइनवर तळहात फिरवला, मग जाळ्याजवळ जाऊन तिथं फिरवला, पुन्हा बेसलाइनवर आला, आणि पिंपात वाळूचं आणखी अर्धं माप ओतलं.