तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकणं (सोलापूर)

समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तैलरंगात हुबेहूब उतरवणं म्हणजे वास्तववादी व्यक्तिचित्रण, बोलताना सगळे पोर्ट्रेटच म्हणतात. महाराष्ट्रात ही परंपरा रुजली ती मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट (स्थापना १८५७) आणि कोल्हापूरचे आबालाल रहमान, बाबूराव पेंटर यांच्यासारख्यांमुळे. सोलापुरात पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन चित्रकलेत येतात, पण त्यात सगळं पोस्टर कलर नि वॉटरकलर, त्यामुळे तेलाशी गाठ उशिराच पडते.

सुरुवातीला रंगाच्या नादी लागूच नये. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाईनमध्ये पातळ करून नुसता उजेड आणि सावली मांडायची, डोळे बारीक करून बघायचं. चेहरा ओळखू येतो तो पापण्या कोरल्यामुळे नाही, डोळ्यांची खोबण, नाकाखालची सावली, हनुवटी या गोष्टी जागच्या जागी बसल्या आणि टोन (कुठे किती उजळ, किती गडद) बरोबर पडला की येतो.

खरी अडचण कातडीच्या रंगाची. दुकानात मिळणारी ‘फ्लेश टिंट’ची ट्यूब गुलाबीसर असते, ती आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्याला चालतच नाही. सोलापूरच्या पूर्व भागात आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेले एखादे आजोबा खिडकीशी बसवून बघा, गालाच्या हाडावरची चमक निळसर दिसते, कान तांबूस, आणि दाढीचे खुंट असतात तिथे हिरवट करडी छटा. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरिन (गडद निळा), थोडा लाल आणि पांढरा एवढ्यात हे सगळं जमतं, फक्त उजळ करायला पांढरा ओतत राहिलं की चेहरा भुरकट होतो. फोटोवरून हे शिकता येत नाही, फ्लॅशमध्ये सावल्याच मरतात, म्हणून शक्यतो जिवंत माणूस आणि उत्तरेची खिडकी, कारण तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर गेला की टर्पेंटाईन भराभर उडतं, वरून चित्र वाळल्यासारखं वाटतं पण आत ओलंच असतं, कारण रंगातलं जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून खालचे थर पातळ, वरचे जास्त तेलाचे, उलटं केलं तर पुढे भेगा पडतात. व्हार्निश सहा महिने तरी लावू नये. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत, ती आपोआप पेटू शकतात, बाहेर एकेक पसरून वाळवावीत.