टाके नाहीत, तरी व्रण असतातच

पुण्यात केशरोपणाची चौकशी करणाऱ्याच्या कानावर हे वाक्य पडतंच: ‘एफयूईत टाके नाहीत, म्हणजे व्रणही नाही.’ हे खरं नाही. एफयूई या केशरोपणाच्या पद्धतीत डोक्याच्या मागच्या भागातून साधारण ०.८ ते १ मिलिमीटरच्या गोल पात्याने केसाचं एकेक मूळ काढतात आणि त्या प्रत्येक जागी बारीक पांढरट ठिपका उरतो. जुन्या पट्टी पद्धतीत त्वचेची पट्टी कापून टाके घालतात, तिथे रेघ उरते, एवढाच फरक. केस थोडे वाढले की ठिपके झाकले जातात. पण झिरो मशीन फिरवलं, किंवा मुळं प्रमाणाबाहेर उपसली, तर मागची बाजू कसर लागल्यासारखी विरळ दिसते. कान टोचल्यावर ज्यांना गाठीसारखा जाड व्रण आला होता, त्यांनी मात्र ते डॉक्टरांना आधीच सांगा, ही कळकळीची विनंती.