वस्तु-अन्वेषण

नवी वस्तू हुंगून, चावून, आपटून, ओढून किंवा उघडून तिचे गुणधर्म जाणून घेण्याचे वर्तन. ते लहान मुले, वानरे, माकडे, कावळे, पोपट आणि ऑक्टोपस यांच्यात ठळकपणे दिसते. भूक किंवा भीती प्रबळ असताना ते मागे पडते. पोट भरलेले आणि जागा सुरक्षित असली, की उफाळून येते. यामुळेच त्याला पुष्कळदा निरुद्देश चाळा समजले जाते.

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट बर्च यांचा १९४५ मधील प्रयोग या समजाला छेद देतो. पिंजऱ्यात वाढलेल्या सहा चिंपँझींपुढे हाताच्या टप्प्याबाहेर अन्न ठेवले. जवळच काठी होती. काठीशी आधीपासून खेळणाऱ्या एकाला ती वापरून अन्न सहज ओढता आले; बहुतेकांना मात्र ते जमले नाही. नंतर तीन दिवस त्यांना नुसत्या काठ्या देऊन ठेवल्या. काठीने अन्न ओढायला कुणी शिकवले नव्हते, तरी पुढच्या चाचणीत सगळ्यांनी ते चटकन ओढून घेतले. मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी टेनेरिफ बेटावरील चिंपँझींत पाहिलेली ‘अंतर्दृष्टी’ही (उकल एकाएकी सुचणे) अशा पूर्वीच्या हाताळणीवर उभी असावी, अशी शंका त्यामुळे घेता येते.

अन्वेषणाला बक्षिसाची गरज नसते, हे मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५० मध्ये दाखवले. ऱ्हीसस माकडे कडी-खुंटीची कोडी केवळ सोडवण्यासाठी सोडवत राहिली. उलट आत खाऊ ठेवल्यावर त्यांची सफाई बिघडली.

मुलांत झां प्याजे यांनी एक वर्षानंतरचा टप्पा महत्त्वाचा मानला : वस्तू पुन्हा पुन्हा, पण दर वेळी थोडी वेगळ्या रीतीने टाकून पाहणे. (मोठ्यांना हा खोडकरपणा वाटतो.) मुलाची निवडही आंधळी नसते. अ‍ॅमी स्टाल आणि लिसा फायगेनसन यांच्या २०१५ च्या अभ्यासात अकरा महिन्यांच्या मुलांना भिंतीतून आरपार गेल्यासारखी वस्तू दाखवली, तेव्हा त्यांनी ती आपटून पाहिली. अधांतरी राहिलेली वस्तू मात्र खाली सोडून पाहिली.

अन्वेषण आणि खेळ यांत कोरिन हट यांनी १९६६ मध्ये फरक केला. नव्या पेटीची तरफ मूल आधी गंभीर चेहऱ्याने तपासते; तिचे काम कळल्यावरच ते सैलावून खेळू लागते.

प्रात्यक्षिकाने हे वर्तन आकसू शकते. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या प्रयोगात खेळण्याची एकच करामत मुद्दाम शिकवलेल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांनी त्यातील इतर करामती कमी शोधल्या. तीच करामत योगायोगाने घडताना पाहिलेल्या मुलांनी अधिक शोधल्या.