ईट (इंग्रजी क्रियापद)

‘ईट’ म्हणजे खाणे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘एतन’ असे होते. त्याच्या मुळाशी असलेला भारोपीय (भारत-युरोपातल्या अनेक भाषांच्या समान पूर्वज भाषेतला) धातू, म्हणजे क्रियापदाचे मूळ, संस्कृतात ‘अद्’ आणि लॅटिनमध्ये ‘एदेरे’ या रूपांत दिसतो. पाणिनीय धातुपाठातल्या, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीतल्या, दुसऱ्या गणाला ‘अदादि’ म्हणतात ते ‘अद्’ त्यात पहिला म्हणून. मराठीने खाण्यासाठी ‘खाद्’ घेतला, पण ‘अद्’ आपल्या ‘अन्न’ शब्दात आहेच.

‘द’चा ‘ट’ झाला तो जर्मन भाषातज्ज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार: दश–टेन, द्वि–टू, अद्–ईट. जर्मन भाषा एक पाऊल पुढे गेली आणि तिथे ‘एसेन’ झाले. स्वराची गोष्ट वेगळी. मध्ययुगीन इंग्रजीत इथे दीर्घ ‘ए’ होता. पंधराव्या शतकापासूनच्या मोठ्या स्वरबदलात उच्चार ‘ई’कडे सरकला, स्पेलिंग मात्र जुनेच राहिले. भूतकाळी रूपाच्या (ate) उच्चाराबद्दल अजून एकमत नाही: ब्रिटनमध्ये ऱ्हस्व ‘एट’ हा जुना उच्चार चालतो, तर अमेरिकेत ते आठच्या इंग्रजी शब्दासारखेच (eight) उच्चारतात.

या धातूचे गोतावळ्यातले शब्द ओळखू येत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. ‘फ्रेट’ म्हणजे आज मनात कुढत राहणे. मुळात तो ‘एतन’लाच उपसर्ग लागून झालेला ‘फ्रेतन’, म्हणजे फस्त करणे. जर्मनमध्ये ‘फ्रेसेन’ अजून खाण्याचाच अर्थ देतो, पण जनावरांच्या; माणसाबद्दल वापरला तर ती शिवी ठरते. ‘ओबीस’ लॅटिनमधून आला: खाऊन खाऊन लठ्ठ झालेला.

‘एच’ (etch), म्हणजे आम्लाने पत्र्यावर चित्र कोरणे, हा शब्द डचमार्गे आला. त्यामागचा जर्मन शब्द प्रयोजक आहे: खायला लावणे. तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर देऊन सुईने रेघा ओढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. थर निघालेल्या जागीच आम्ल धातू खाते. जितका वेळ ठेवावे तितकी रेघ खोल जाते आणि छाप गडद उठतो. फिकट हव्या असलेल्या रेघांवर मध्येच पत्रा काढून वॉर्निश लावतात. पत्र्यावर तेलकटपणा राहिला की थर नीट चिकटत नाही, आम्ल खाली शिरते आणि नको तिथे ठिपके पडतात.

गंज, आम्ल, लाटा, खर्च यांच्यासाठीही इंग्रजीत ‘ईट’ चालते, आणि इथवर मराठी ‘खाणे’ बरोबर जाते. ‘ईट वन्स वर्ड्स’ म्हणजे मात्र आपलेच विधान मुकाट्याने मागे घेणे. वाक्य बोलताना शब्द गिळण्याशी त्याचा संबंध नाही. ‘व्हॉट्स ईटिंग यू’ म्हणजे तुला कसली काळजी पोखरते आहे.

मराठी भाषक चुकतात ते उलट दिशेने जाताना. मार, भाव, हवा, लाच यांना ‘ईट’ लावता येत नाही. गोळी खाल्ली हे इंग्रजीत ‘टेक’ने सांगतात, ‘ईट’ म्हटले तर ती खाऊसारखी चघळल्यासारखे वाटते. सूप आपण पितो. इंग्रजीत वाडग्यातून चमच्याने घेतले तर ‘ईट’, कपाला ओठ लावून घेतले तर ‘ड्रिंक’.