‘डिस्क गेली’ म्हणण्याआधी

जुन्या मशीनवर नवीन विंडोज टाकताना साठ-सत्तर टक्क्यांवर गाडी अडली, की निदान ठरलेलं: हार्ड डिस्क गेली. पुतण्याच्या पीसीचं असंच झालं. दुकानदाराने नव्या डिस्कचा भावही सांगून टाकला. पुतण्याचा प्रश्न मात्र रास्त होता, “काका, काल रात्रीपर्यंत तर चालत होता ना?”

डिस्क खरोखरच खराब असेल, तरी ती बहुधा आज खराब झालेली नसते. माहिती सेक्टर नावाच्या छोट्या खणांत साठवतात. पूर्वी एका खणात ५१२ बाइट असत, हल्ली बहुधा ४०९६. प्रत्येक खणासोबत चुका दुरुस्त करण्यापुरती जादा माहिती असते, म्हणून थोडा पुसट झालेला खणही डिस्क गुपचूप जुळवून वाचते. पुसटपणा हाताबाहेर गेला की तिचा नाइलाज होतो. पण ते कळायला तो खण कुणीतरी वाचायला हवा! रोज आपण त्याच त्या फाइली उघडतो. इन्स्टॉलेशनच्या वेळी मात्र वर्षानुवर्षं न शिवलेल्या जागेत कित्येक जीबी लिहिले जातात आणि लगेच वाचलेही जातात. विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला जागा करायची, तर जुना डेटा सरकवावा लागतो, म्हणजे आधी वाचावा लागतो. दुखणं जुनंच असतं, उघडं आता पडतं.

न वाचता आलेला खण डिस्क लगेच बाद करत नाही, नुसता ‘पेंडिंग’ म्हणून टिपून ठेवते. न जाणो, पुढच्या खेपेला वाचता येईल. त्या जागी नवीन काही लिहायची वेळ आली की ती खण तपासते, आणि तो नादुरुस्त निघाला तर राखीव साठ्यातला दुसरा त्याच्या जागी लावते. व्हिस्टापासून विंडोजचा पूर्ण फॉरमॅट त्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्या भागावर, सगळीकडे शून्यं लिहितो (क्विक फॉरमॅट लिहीत नाही), म्हणून ‘फुल फॉरमॅट मारला आणि डिस्क सुधारली’ असं वाटतं. हे अर्धसत्य आहे. बदललेल्या खणांचा आकडा दर आठवड्याला वाढत असेल, तर त्या डिस्कवर मी तरी काही महत्त्वाचं ठेवणार नाही.

हा आकडा दिसतो कुठे? डिस्क स्वतःची रोजनिशी ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सच्या लाइव्ह (न बसवता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवर स्मार्टसीटीएल ही कमांड ती वाचून दाखवतं. साटा (नेहमीच्या, केबलने जोडायच्या) डिस्कच्या यादीत ५ क्रमांकाला बदललेले खण आणि १९७ला पेंडिंग खण असतात. १९९ मात्र वेगळीच गोष्ट सांगतो: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेवर किती वेळा डेटा बिघडला. तिथे दोष बहुतेकदा केबलचा. केबल बदलल्यावरही हा आकडा शून्यावर येत नाही. तो वाढायचा थांबला की दोष केबलचाच होता, असं समजायचं.

काही वेळा तर बिघाडच नसतो, नियम आडवा येतो. यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) वापरून सुरू झालेला विंडोजचा इन्स्टॉलर एमबीआर (पार्टिशनांची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) असलेल्या डिस्कवर बसायला नकार देतो, त्याला जीपीटी ही नवी पद्धत लागते. एमबीआर खणांचे क्रमांक ३२ बिटांत लिहितं, त्यामुळे ५१२ बाइटच्या खणांनी हिशेब २.२ टीबीला संपतो. मात्र नेटवर बघून डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं पार्टिशन हाताळायचं साधन) ‘क्लीन’ देण्याआधी थांबा: त्याने त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं एका फटक्यात जातात. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या कित्येक लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. तिथे व्हीएमडीचा (डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) ड्रायव्हर द्यावा लागतो किंवा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हीएमडी बंद करावं लागतं.

आणि डिस्क खरंच आचके देत असेल, कट-कट आवाज येत असेल, तर चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवून तिला आणखी दमवू नका. डेटा मोलाचा असेल तर मशीन बंद करा.

पुतण्याच्या डिस्कवर ५, १९७, १९९, तिन्हींपुढे शून्य! पडद्यावरच्या एररचा आकडा ७०५७०ने संपत होता, म्हणजे ‘फाइल खराब, वाचता येत नाही’. दुसऱ्या पेनड्राइव्हनेही तेच. इन्स्टॉलर दाबून भरलेल्या फाइली रॅममध्ये उलगडतो. तिथे एक बिट जरी उलटला तरी पडताळणी फसते आणि नाव डिस्कचं होतं. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला. सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, आणि वीस मिनिटांत विंडोज बसलं, त्याच जुन्या डिस्कवर.