कोंबड्यांच्या शेडमधील दाटी : पार्श्वभूमी

एका चौरस मीटर जागेत किती कोंबड्या ठेवाव्यात, हे आज अनेक देशांच्या कायद्यांत आकड्यांनी सांगितलेले असते. शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न कायद्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, कारण त्याचे उत्तर रोगच देत असत. मोठा कळप बारमाही बंद जागेत ठेवला की उन्हाअभावी पक्ष्यांना मुडदूस होई, रक्ती हगवण पसरे आणि मरतुक इतकी वाढे की धंदा परवडत नसे. पुढच्या काळात ही बंधने खाद्याने आणि औषधांनी एकेक करून सैल होत गेली आणि प्रत्येक वेळी मोकळी झालेली ही मुभा आणखी पक्षी ठेवण्यासाठी वापरली गेली.

१९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाची ओळख पटली आणि खाद्यात कॉड माशाच्या यकृताचे तेल मिसळून कोंबड्या उन्हाविना वाढवता येऊ लागल्या. त्याच सुमारास, १९२३ मध्ये, अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सेसिल स्टील यांनी ५० पिल्ले मागवली असता चुकून ५०० आली. त्यांनी ती परत न पाठवता वाढवून मांसासाठी विकली, आणि ब्रॉयलर म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांच्या व्यवसायाची सुरुवात सहसा याच घटनेपासून मानली जाते. १९४८ मध्ये रक्ती हगवणीवर सल्फाक्विनॉक्सालिन हे औषध खाद्यातून देता येऊ लागले, आणि १९५० च्या आसपास प्रतिजैविकांच्या अल्प मात्रेने वाढ वेगाने होते असे दिसून आल्यावर तीही खाद्यात आली. दाटीमुळे होणारे रोग अशा रीतीने आटोक्यात आले, पण दाटी जिथल्या तिथे राहिली. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची मेख इथेच आहे.

अंड्यांवरील कोंबड्यांच्या बाबतीत १९३० च्या दशकापासून पिंजरा पद्धत रुजली. विष्ठेचा संपर्क तुटल्याने जंत आणि रक्ती हगवण घटली, हा तिचा खरा फायदा होता आणि तो नाकारता येत नाही. परंतु हालचाल थांबलेल्या आणि रोज अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम खर्चणाऱ्या पक्ष्यांची हाडे ठिसूळ होऊ लागली. पाय गळून पिंजऱ्यातच बसून राहणाऱ्या कोंबड्यांची नोंद १९५० च्या दशकात झाली.

जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या गादीवर वाढणाऱ्या ब्रॉयलरमध्ये दाटीचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो आणि तो समजून घेतल्याशिवाय नंतरचे वाद कळत नाहीत. पक्षी वाढले की विष्ठा वाढते, तूस ओले होते, आणि त्यातील जंतू युरिक आम्लाचे विघटन करून अमोनिया तयार करतात. हा वायू डोळ्यांची आग करतो आणि श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांना इजा करून इतर रोगजंतूंना वाट मोकळी करून देतो. ओल्या गादीवर सतत बसल्याने तळव्यांना आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याला जखमा होतात. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती धापा टाकून शरीर थंड करते, आणि जमीन पक्ष्यांनी झाकली गेली की त्यांच्यामधली गरम, दमट हवा हलतच नाही. शिवाय पिल्ले आली तेव्हा मोकळी वाटणारी शेड विक्रीच्या आठवड्यात गच्च भरते, म्हणजे पक्षी सर्वांत जड आणि उष्णतेला सर्वांत नाजूक असतो नेमकी तेव्हाच दाटी सर्वाधिक असते.

१९६४ मध्ये ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांच्या पुस्तकाने या पद्धतींकडे जनतेचे लक्ष वेधले. सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये म्हटले की, प्राण्याला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि अवयव ताणता आले पाहिजेत. हे किमान मागणे होते, तरी कायद्यात उतरायला दशके लागली. स्वित्झर्लंडमध्ये पिंजरे १९९२ पर्यंत बंद झाले. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाने साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले आणि सुधारित (घरटे आणि बसायची दांडी असलेल्या) पिंजऱ्यात प्रत्येक कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवली. १९८९ च्या एका मोजणीत कोंबडीला नुसते उभे राहायला सुमारे ४७५, वळायला सुमारे १२७० आणि पंख फडफडवायला सुमारे १८७५ चौरस सेंटिमीटर लागतात असे आढळले होते.

युरोपीय संघाचा ब्रॉयलरसाठीचा निर्देश २००७ मध्ये आला. त्यात मूळ मर्यादा चौरस मीटरला पक्ष्यांचे एकूण ३३ किलो जिवंत वजन अशी आहे. वायुवीजन, तापमान आणि मरतुकीच्या अटी पाळल्यास ती ३९ आणि ४२ किलोपर्यंत वाढवता येते, अमोनिया मात्र २० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २० भागांच्या) वर जाता कामा नये. या अटींमागे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाची छाया दिसते. मॅरियन डॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी सुमारे २७ लाख पक्ष्यांवर केलेल्या या अभ्यासात आढळले की, दाटीपेक्षा हवा आणि गादीची स्थिती आरोग्यावर अधिक परिणाम करते, मात्र सर्वाधिक दाटीत पक्ष्यांची चाल बिघडते आणि ते एकमेकांना अधिक धक्के देतात. उत्पादकांनी यातला पहिला भाग उचलून धरला. तो चुकीचा नाही, पण गादी कोरडी ठेवणे दाटीत अवघड होते, ही बाब त्यात झाकली जाते.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ब्रॉयलरसाठी चौरस मीटरला कमाल ११ किलोची शिफारस केली. २.२ किलोचा पक्षी धरला तर तेवढ्या जागेत ५ पक्षी बसतात. ४२ किलोच्या मर्यादेत १९.