दमनविरोधी अध्यापन

जात, लिंग, बोली, गरिबी किंवा अपंगत्व यांवरून मुलाला हिणवणाऱ्या शाळेतल्या रूढ रीती ओळखून त्या मोडणाऱ्या अध्यापनपद्धतींना मिळून दमनविरोधी अध्यापन म्हणतात. मूल 'मागे' का पडले, याचे उत्तर या पद्धती आधी शाळेच्या वागण्यात शोधतात.

जगभर या विचाराशी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांचे नाव जोडले जाते. महाराष्ट्रात मात्र त्याची मुळे जुनी आहेत. १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, अशी मागणी केली; असा शिक्षक त्या मुलांत मोकळेपणी मिसळतो, हे त्यांचे कारण होते. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि नळ सोडायला शिपाई नसला तर दिवसभर पाणी नाही.

नागपुरात दलित समाजसुधारक किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये आणि पुढे जाईबाई चौधरी यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींच्या शाळा काढल्या. जाईबाई स्वतः डोक्यावर ओझी वाहिलेल्या हमाल होत्या. जुलै १९४२ मध्ये आंबेडकरांनी नागपूरच्याच परिषदेत जो त्रिसूत्री संदेश दिला, त्यातही 'शिका' पहिले.

गोणपाट गेले, पण हिणवणे सगळे गेले नाही. "मॅडम, मले नाही समजलं," असे एखादी मुलगी म्हणते, वर्ग हसतो आणि पुढे ती काही विचारतच नाही. ही पद्धत मानणारी शिक्षिका फळ्यावर 'मले' आणि 'मला' शेजारी शेजारी लिहिते, घरी आजी काय म्हणते ते विचारते आणि एकाच बोलीला 'शुद्ध' कोणी ठरवले, यावर मुलांना बोलते करते. प्रमाण मराठी ती शिकवतेच, परीक्षेला ती लागते. पण लाज न लावता. भर वर्गात "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" म्हणणेही ती टाळते. तो पुकारा म्हणजे जातीची हजेरीच. झाडू मुलींकडे आणि बाक उचलणे मुलांकडे, हीही तशीच रीत.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. कलम २९ मुलाला भीतीपासून मुक्त ठेवायला सांगते. छडीची तक्रार करता येते. वर्गाच्या हसण्याची तक्रार कोणी नोंदवत नाही, म्हणून ते थांबवणे शिक्षकाच्याच हाती उरते.